अम्मीची एक संध्याकाळ

मूल झाले की आपल्याकडे बाईचे नाव मागे पडते. ती कुणाची तरी अम्मी होते. शेजारीण त्याच नावाने हाक मारते, अंगणवाडीच्या ताई त्याच नावाने ओळखतात. हाक गोड आहे, तिच्यात मानही आहे. पण दीड-दोन वर्षे दुसरी हाक कानावर पडली नाही, तर आपण आणखीही कुणी आहोत याचा विसर पडू लागतो.

अशात एके दिवशी शाळेतल्या मैत्रिणीचा फोन येतो. "शनिवारी रात्री जेवायला जमतोय. फक्त आपण सगळ्या. पोरांना घरी ठेवून या." ती 'हो' म्हणते आणि त्याच क्षणी तिच्या पोटात गोळा येतो.

भगिनींनो, ही धास्ती दुहेरी असते. 'मूल रडेल' ही काळजी सगळ्यांना सांगता येते. दुसरी सांगता येत नाही. मोठ्या माणसांशी बोलायचे काय? वर्षभर बोलणे झाले ते मऊ भात, लस आणि झोप यांवर. अकीका असो की वलीमा, मूल कडेवर असतेच. गप्पा अडल्या की 'याला जरा झोपवते' म्हणून उठता येते. आज हात रिकामे असणार!

आधी पहिल्या काळजीचे पाहू. साधारण सात-आठ महिन्यांपासून मुलाला कळू लागते की अम्मी दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे. पण ती कधी परतेल हे कळत नाही, म्हणून ते रडते. दहा ते अठरा महिन्यांच्या काळात हे रडणे जास्त असते. ते वाढीचे लक्षण आहे. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षभराच्या मुलांचा अभ्यास करून 1978 मध्ये पुस्तक लिहिले. आई काही मिनिटे खोलीबाहेर जाई. मूल किती रडते यापेक्षा आई परतल्यावर ते काय करते, हे त्यांनी बारकाईने पाहिले. आईवर भरवसा असलेली मुले रडली तरी ती परतताच तिला बिलगत आणि लवकर शांत होत.

म्हणून मुलाची नजर चुकवून निघू नका. 'अम्मी जाते, जेवून येते' असे हसून सांगा आणि निघा. दारात चार वेळा मागे फिरू नका. आधीच्या आठवड्यात अर्धा तास, मग तासभर बाहेर जाऊन सवय करा. अंगावरचे दूध पीत असेल तर स्वच्छ भांड्यात दूध काढून फ्रिजमध्ये ठेवा. देताना ते भांडे कोमट पाण्यात धरावे, गॅसवर तापवू नये. दूध वाटी-चमच्यानेही पाजता येते.

आता घरच्यांशी दोन शब्द. त्या रात्री मुलाला अब्बांनी सांभाळावे. याला 'बायकोला मदत' म्हणू नये, मूल त्यांचेही आहे. दर दहा मिनिटांनी 'लंगोट कुठे आहे?' असा फोनही करू नये. सासूबाईंनी 'लेकराला टाकून चालली' हे वाक्य गिळावे. त्या एका वाक्याने तिचा घास कडू होतो.

सहीह बुखारीत नोंद आहे की नमाज लांबवण्याचा इरादा असतानाही मुलाचे रडणे कानी आले की पैगंबर (स.) ती आटोपती घेत. त्या रडण्याने आईच्या जिवाची होणारी घालमेल ते जाणत. तिची घालमेल सगळ्या जमाअतीने सांभाळून घेतली. मग आपल्या चार मैत्रिणींच्या जेवणाला तेवढे का जमू नये? जागा जवळची निवडा, मगरिबनंतर लगेच बसा आणि ती लवकर उठली तर 'थांब गं' म्हणून अडवू नका.

राहिली दुसरी धास्ती. पहिला अर्धा तास अवघडच जातो. तीन वेळा मोबाइल पाहिला जाईल, मुलाचाच विषय निघेल. निघू द्या. मग कुणीतरी शाळेतली एखादी फजिती काढेल आणि तुम्ही खळखळून हसाल. बोलायला सुचले नाही तर विचारा, "तुझे कसे चालले आहे?" समोरचीलाही हे कुणी बरेच दिवसांत विचारलेले नसते. घरी एकदाच फोन करा. मूल झोपले असेल तर थोडे वाईट वाटेल, पण ते गरम बिर्याणीबरोबर उतरेल.

तुमच्या मोहल्ल्यातही अशी एखादी नवी आई असेल, बोलावणे आले की 'बाळ लहान आहे' म्हणून घरीच राहणारी. या महिन्यात तिला बोलवा. आणि बोलावताना तिला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारा.