बेकारी वापीहून गाडी पकडते

टाइम ऑफिसात बसणाऱ्याला दिल्लीत सरकार कुणाचं आलं हे पेपरातून कळतं. यार्नला उठाव आहे की नाही, हे मात्र पेपरवाल्यांच्या आधी कळतं. पहिल्या पाळीला गेटवर जमलेल्यांपैकी किती हेल्पर आत घेतले आणि किती परत धाडले, एवढं पाहिलं की पुरे. मी मूळचा जव्हारकडचा. पोटासाठी घाट उतरून सिल्वासाला आलो आणि हजेरी, ओव्हरटाइम, पीएफच्या कागदांत डोकं घालून निवृत्त झालो. त्यामुळे ‘राज्यपाल कुठल्या पक्षाचा आहे यावर राज्यातली बेकारी ठरते का’ असा वाद कुठे निघाला की मला गप्प बसवत नाही.

हा वाद मुळात अमेरिकेतला. तिथे राज्यपालाला लोक निवडून देतात, तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्य चालवतो आणि बेकारीचा आकडा पुढच्या निवडणुकीत त्याच्या खात्यावर मांडला जातो. अँड्र्यू ली या ऑस्ट्रेलियन अर्थतज्ज्ञांनी १९४१ ते २००२ पर्यंतची अमेरिकी राज्यांची आकडेवारी चाळून २००८ मध्ये यावर निबंध लिहिला. कर, गुन्हे, विषमता, सरकारी नोकरांचे पगार अशा ३२ गोष्टी त्यांनी तपासल्या. त्यातल्या २६ गोष्टींत राज्यपाल डेमोक्रॅट आहे की रिपब्लिकन, याने म्हणावा असा फरक पडलेला दिसला नाही. बेकारी मात्र उरलेल्या सहांत निघाली. डेमोक्रॅटांच्या काळात ती कमी आढळली. ली पुढे २०१० मध्ये स्वतःच मजूर पक्षाचे खासदार झाले, तेव्हा तो एक निष्कर्ष त्यांना गोड लागला असेल. पण एकूण निबंधाचा सूर ‘फरक नवल वाटावं इतके थोडे’ असाच आहे.

महाराष्ट्राच्या राज्यपालाला या मापाने मोजायला गेलं तर लोक हसतील, कारण सहीचा मान त्याचा आणि कारभार मंत्रिमंडळाचा. तरी घटनेत एक खिडकी आहे. कलम ३७१(२) प्रमाणे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांना तंत्रशिक्षण आणि राज्य सरकारच्या नोकऱ्या यांत न्याय्य वाटा मिळतो का, हे पाहण्याची खास जबाबदारी राज्यपालावर येते. त्यासाठी १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं स्थापन झाली. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली, तेव्हा मुंबईत महाविकास आघाडीचं सरकार होतं आणि राजभवनात भाजपचे जुने नेते भगतसिंह कोश्यारी. २०२१ च्या अधिवेशनात अजित पवारांनी मंडळांचा विषय विधान परिषदेवर नेमायच्या, पण राज्यपालांकडे अडकलेल्या बारा आमदारांच्या नावांशी जोडून टाकला. तुम्ही नावं जाहीर करा, आम्ही मंडळं जाहीर करतो. मराठवाड्यातल्या पोराच्या नोकरीचा वाटा कुठल्या तारेला लटकला होता, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा पक्ष मध्ये येत नाही असं मी म्हणत नाही.

आमच्याकडे, दादरा नगर हवेलीत, राज्यपाल नाही, मुख्यमंत्री नाही, विधानसभाही नाही. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. त्या लढ्यातली सुधीर फडके, राजा वाकणकर ही नावं मराठी वाचकाला सांगायला नकोत. नंतर सात वर्षं इथल्या वरिष्ठ पंचायतीने कारभार केला आणि ११ ऑगस्ट १९६१ ला हा मुलूख भारतात विलीन झाला. तेव्हापासून प्रशासकाचं राज्य. बरीच वर्षं गोव्याचे नायब राज्यपालच आमचे प्रशासक असत. १९८७ मध्ये गोवा राज्य झालं आणि पुढे काही वर्षांनी ही खुर्ची दमणला, बहुतेक सनदी अधिकाऱ्यांकडे आली. घटनेच्या २३९व्या कलमाने राष्ट्रपती प्रशासक नेमतात, आणि किमान वेतनापासून जमिनीच्या बिनशेतीपर्यंत सगळ्या फायली त्याच्याच कचेरीत फिरतात. अमेरिकेतला तो प्रश्न भारतात कुठे नीट विचारता येत असेल, तर तो इथेच.

विचारून पाहू. पिपरियाला १९६५ मध्ये सहकारी औद्योगिक वसाहत झाली, मग मसाट आणि खडोलीला सरकारी वसाहती आल्या. पण खरी झुंबड १९९३ नंतरची. मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना मागास भागांतल्या नव्या कारखान्यांना पहिली पाच वर्षं नफ्यावरचा आयकर पूर्ण माफ झाला आणि त्या यादीत दादरा नगर हवेली होती. विक्रीकराची सवलत वेगळी. पॉलिएस्टर धाग्याची टेक्स्चरायझिंग मशिनं अशी येऊ लागली की शेड पुरेना. नरसिंह राव गेले, देवेगौडा आले, गुजराल आले, वाजपेयी आले; सवलत चालू, भरती चालू. मग तिचा शेवटचा दिवस ठरला, ३१ मार्च २००४, आणि त्याच्या आधीच जानेवारी २००३ मध्ये वाजपेयी सरकारने हिमाचल आणि उत्तरांचलला असंच पॅकेज दिलं. आमच्या ओळखीचे मॅनेजर सुटकेस भरून बद्दी नि रुद्रपूरला निघाले. या सबंध काळात सिल्वासाच्या प्रशासकाला पक्षच नव्हता. कारखाने आले ते आयकराच्या एका पोटकलमामुळे आणि पुढचे आले नाहीत तेही त्याच्याचमुळे.

पक्ष असलेला प्रशासक आम्हाला २०१६ मध्ये मिळाला. गुजरातचे माजी गृहराज्यमंत्री प्रफुल्ल पटेल ऑगस्टमध्ये दमण-दीवचे आणि वर्षाअखेरीस दादरा नगर हवेलीचेही प्रशासक झाले. अभ्यासकाला हा आयता प्रयोग वाटेल: आधी बिनपक्षाचा, आता पक्षाचा, काढा वजाबाकी. पण त्याच नोव्हेंबरात नोटबंदी झाली, जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि करातून मिळणारी आमची उरलीसुरली मजा गेली, जानेवारी २०२० ला दमण-दीवशी एकत्रीकरण झालं, मार्चमध्ये टाळेबंदी लागली. या गर्दीतून प्रशासकाच्या पक्षाचा हिस्सा वेगळा काढून दाखवणाऱ्याला मी माझं जुनं हजेरी रजिस्टर बक्षीस देईन. सिल्वासात मेडिकल कॉलेज झालं, रस्ते रुंद झाले, याचं श्रेय ज्याचं त्याला द्यावं. बेकारीचं श्रेय किंवा खापर मात्र इतक्या सहज वाटता येत नाही.

खासदारांकडून हिशेब लावायचा तर आणखी गंमत. मोहन डेलकर आदिवासी कामगारांच्या प्रश्नांवरून राजकारणात आले. १९८९ ला अपक्ष, १९९१ आणि १९९६ ला काँग्रेस, १९९८ ला भाजप, १९९९ ला पुन्हा अपक्ष, २००४ ला भारतीय नवशक्ती पक्ष, २०१९ ला परत अपक्ष म्हणून ते निवडून आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं; पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी कलाबेन शिवसेनेच्या चिन्हावर जिंकल्या, महाराष्ट्राबाहेरचा सेनेचा पहिला खासदार म्हणून मुंबईत फटाके वाजले, आणि २०२४ ला त्याच कलाबेन भाजपतर्फे लोकसभेत गेल्या. पक्षाने बेकारी हलत असती तर आमचा आकडा पाळण्यासारखा झुलला असता.

आता आकड्याचंच बघा. यार्नचा भाव पडला की मालक मशिनं बंद करतो आणि ठेकेदाराला सांगतो, माणसं कमी कर. कमी झालेला माणूस बहुधा उत्तर प्रदेश, बिहार नाहीतर ओडिशाचा. खोलीचं भाडं, मेसचे पैसे अंगावर घेऊन तो इथे बसून राहत नाही. रिक्षात बॅग टाकतो आणि वापी स्टेशन गाठतो. बेकारी अशी गाडीत बसून गावी जाते आणि मोजली गेलीच तर गोरखपूर किंवा गंजामच्या आकड्यात मोजली जाते. सिल्वासाचा दर तसाच तुळतुळीत. २००१ ते २०११ या दशकात आमची लोकसंख्या जवळजवळ ५६ टक्क्यांनी वाढली, देशात सगळ्यात जास्त. आणि २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे बायका ७७४. बायकापोरं गावी ठेवून आलेल्या पुरुषांची ही वस्ती आहे. काम असेपर्यंतच ती इथे राहते, मग दर वाढणार कसा?

स्थानिक पोराचंही तसंच, फक्त त्याला गाडी लागत नाही. खानवेलकडचा वारली किंवा कोकणा मुलगा ‘ब्रेक’ मिळाला की घरी जाऊन बापाच्या नागलीच्या तुकड्यावर उभा राहतो. सर्वेक्षणवाला आला तर घरच्या शेतात बिनपगारी राबणारा हा कामात धरला जातो. शिवाय नियम असा की वर्षाचा बराचसा काळ माणूस काम शोधत हिंडला असला, तरी तीस दिवस कुठे काम केलेलं असेल तर नेहमी छापल्या जाणाऱ्या दरात तो बेकार नाही. या पद्धतीने देशाचा दर २०१७-१८ मध्ये सहा टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के. माझ्या गेटवर तीस दिवस भरलेली पोरं किती होती, त्याची मोजदाद मी ठेवली नाही. पण तीस दिवसांवर कुणाचं वर्ष निघाल्याचं पाहिलं नाही.

‘ब्रेक’ म्हणजे काय ते टाइम ऑफिसात काम केलेल्याला विचारा. सलग वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याने काही हक्क मिळतात, म्हणून त्याआधीच त्याचं कार्ड बंद करायचं आणि थोड्या दिवसांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने नवं काढायचं. मशीन तेच, पाळी तीच, माणूस तोच. अशी कार्डं मीही लिहिली आहेत. इथे प्रशासकाचा हात खरोखर पोचतो. किमान वेतन त्याचं प्रशासन ठरवतं, ठेकेदाराचा परवाना तेच देतं, कारखान्यात निरीक्षक पाठवायचा की नाही हेही तेच ठरवतं. एप्रिल २०२२ मध्ये वीज वितरणाचा ५१ टक्के हिस्सा टोरंटकडे गेला, तोही वरूनच झालेला निर्णय. आणि टेक्स्चरायझिंगवाल्याला मजुरीच्या बिलाआधी विजेचं बिल दिसतं. हाताला काम आहे की नाही हे दिल्लीचं करखातं आणि सुरतेचा बाजार बघून घेतात. ते काम कसलं, किती दिवसांचं, कुणाच्या नावावरचं, हे दमणला ठरतं. दर काढणारा ते विचारतच नाही.

हे दमणला विचारणार कोण? महाराष्ट्राकडे बघा. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी गावोगाव पोचली, पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला, मुंबईच्या पगारदाराच्या खिशातून खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी निघाली आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. पुढे अख्ख्या देशाला २००५ मध्ये तोच धडा गिरवावा लागला. हे घडलं कारण भांडायला विधिमंडळ होतं. आमच्याकडे जिल्हा पंचायत आहे, नगरपालिका आहे. दोघींना गटारावर ठराव करता येतो, मजुरीवर नाही. खासदार एक, तोही लोकसभेत साडेपाचशेच्या आसपास माणसांत बसणार.

विधानसभा कधी मिळेल ते मिळेल. तोवर मागणं अगदी लहान आहे. ठेकेदार सहामाही विवरण भरत आले आहेत: किती माणसं, किती दिवस, किती मजुरी. मी स्वतः ती भरून कामगार खात्यात पोचवली, शिक्का मारून पोच घेतली. त्या कागदांची बेरीज दर सहा महिन्यांनी जिल्हा पंचायतीच्या फलकावर लावा, कायम किती हे कारखान्यांकडून घेऊन, कायम आणि ठेक्यावर असे दोन रकाने वेगळे दाखवून. मग प्रशासक कुठल्या पक्षाचा आहे याच्याशी मला देणंघेणं नाही. दुसरा रकाना वाढला की त्याच्या दारात जाऊन का वाढला ते विचारता येईल.