मॉकच्या अतिरेकाची शिक्षा इंजेक्शनला नको

डिपेन्डन्सी इंजेक्शन आणि मॉक (टेस्टपुरती खऱ्या वस्तूच्या जागी उभी केलेली नकली वस्तू) ही नावे इतकी जोडीने घेतली जातात की एकावरचा राग हटकून दुसऱ्यावर निघतो. ‘टेस्टच्या नादात कोडची वाट लागली’ ही तक्रार प्रोग्रामरांच्या तोंडी नेहमीची, आणि तिला वजनदार वकीलही मिळाला आहे. रूबी ऑन रेल्सचे जनक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी 2013 च्या जानेवारीत डिपेन्डन्सी इंजेक्शन हा सद्गुण नव्हे असे मांडले. 2014 च्या एप्रिलमध्ये त्यांनी टेस्ट आधी लिहिण्याची पद्धत मेली असे जाहीर केले आणि टेस्टपायी डिझाइन बिघडते असा आरोप ठेवला. हा पूर्वपक्ष पोकळ नाही, म्हणून आधी तोच पुरता मांडतो.

त्याचे मुद्दे तीन. पहिला, केवळ टेस्टसाठी कोडात इंटरफेस आणि फॅक्टऱ्यांचे थर चढतात. ज्याची दुसरी आवृत्ती कधी होणारच नाही, अशा क्लासलाही इंटरफेस चिकटवला जातो. दुसरा, रूबीसारख्या भाषेत टेस्टपुरते घड्याळ परस्पर बदलता येते, मग वेळ बाहेरून देण्याचा खटाटोप कशाला? तिसरा, मॉकने भरलेली टेस्ट कोडच्या आतल्या रचनेला चिकटून बसते. एका मेथडचे दोन तुकडे केले, प्रोग्रामची वागणूक तसूभरही बदलली नाही, तरी टेस्ट लाल होतात.

दुसरा मुद्दा सर्वांत चतुर आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथून करू. 29 फेब्रुवारी 2012 रोजी मायक्रोसॉफ्टची अझूर सेवा कोलमडली. व्हर्च्युअल मशीनमधला एजंट सर्टिफिकेट बनवताना आजच्या तारखेच्या वर्षात एक मिळवून मुदतीची तारीख काढत होता. त्या दिवशी उत्तर आले 29 फेब्रुवारी 2013. अशी तारीखच कॅलेंडरात नाही. सर्टिफिकेट बनेना, एजंट बंद पडू लागले, तेव्हा यंत्रणेने हार्डवेअरच बिघडले असे समजून मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलवल्या आणि बिघाड पसरत गेला.

अशा मेथडने तारीख स्वतःच सिस्टीमच्या घड्याळातून उचलली, तर तिची साधी टेस्ट चार वर्षांतले 1460 दिवस हिरवी दिसते. घड्याळ कन्स्ट्रक्टरमधून दिले, तर 29 फेब्रुवारीवर थांबवलेले घड्याळ हाती देऊन तीन ओळींत चूक पकडता येते. 2014 साली आलेल्या जावा 8 मध्ये याचसाठी क्लॉक हा क्लास आहे, आणि चालू वेळ लागणाऱ्या कोडला तो बाहेरून द्यावा अशी शिफारस त्याच्या अधिकृत दस्तऐवजातच आहे.

यावर हॅन्सनपक्षाचे उत्तर येईल की रूबीत घड्याळ परस्पर बदलूनही हेच साधते. साधते, पण त्यासाठी ही मेथड आत कुठेतरी घड्याळ पाहते हे टेस्ट लिहिणाऱ्याला आधी ठाऊक हवे. मेथडचे नाव आणि पॅरामीटर त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. कन्स्ट्रक्टरमध्ये घड्याळ मागणारा क्लास मात्र उघड सांगतो की माझे उत्तर वेळेवर अवलंबून आहे, वेळ बदलून मला तपासा. इंजेक्शनचे खरे मोल या उघडपणात आहे. टेस्टची सोय हा त्यातून झालेला लाभ.

पहिल्या मुद्द्यात तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार आहे. इंजेक्शन म्हणजे लागणारी वस्तू स्वतः न बनवता बाहेरून घेणे, एवढेच. त्याला फ्रेमवर्क लागत नाही, फॅक्टरी लागत नाही, प्रत्येक क्लासला इंटरफेसही लागत नाही. ते थर हौसेने चढवलेले असतात. ते उतरवा, कन्स्ट्रक्टर राहू द्या.

तिसरा मुद्दा मात्र मी मान्य करतो, आणि मॉकभक्तांनीही करावा. बिलाचा क्लास तपासताना करगणकाचा मॉक केला आणि त्याला शिकवले की 1000 आले की 180 दे. मग बिल 1180 चे झाले का ते पाहिले. टेस्ट हिरवी. उद्या खऱ्या करगणकात कोणी रुपयांऐवजी पैशांत उत्तर दिले, तर कर 18000 येईल, ग्राहकाला 19000 चे बिल जाईल आणि टेस्ट हिरवीच राहील. कारण मॉक खऱ्या वस्तूविषयी काहीच जाणत नाही. त्याच्यात असते ते आपलेच गृहीतक. दोन बाजूंची गृहीतके जुळली नाहीत की काय होते, हे 1999 साली मार्स क्लायमेट ऑर्बिटरने दाखवले. जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर आकडे पाउंड-सेकंदांत देत होते, ते वापरणारे गणित न्यूटन-सेकंद धरून चालले होते. यान मंगळापाशी गमावले.

पण हा दोष मॉक हवे तिथे उधळण्याचा आहे. मॉकची कल्पना 2000 साली मांडणाऱ्या टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांच्यापैकी फ्रीमन आणि मॅकिनन मॉकवरच्याच 2004 च्या एका निबंधाचेही सहलेखक होते, आणि त्यात स्पष्ट सल्ला आहे की जे टाइप तुमच्या ताब्यात आहेत त्यांचेच मॉक करा. लायब्ररी परकी असेल तर तिच्यापुढे आपला पातळ इंटरफेस ठेवा आणि मॉक त्याचा करा. कर्त्यांनी घातलेली मर्यादा अनुयायांनी ओलांडली, त्याचे खापर कल्पनेवर फोडता येत नाही.

तेव्हा माझा पक्ष असा. घड्याळ, नेटवर्क, पेमेंट गेटवे, ईमेल, यादृच्छिक आकडे, जे जे आपल्या हाताबाहेरचे ते निरपवाद बाहेरून घ्यावे. आपले स्वतःचे हिशेब करणारे क्लास टेस्टमध्येही खरेच वापरावेत. करगणकाला मॉकची गरज नाही. डेटाबेसच्या जागी मेमरीतला साधा पर्याय ठेवला, तर एकच टेस्टसंच त्या पर्यायावर आणि खऱ्या डेटाबेसवर, दोन्हींवर चालवावा, म्हणजे गृहीतक सडत नाही. आणि मॉक तिथेच उभा करावा जिथे पाठवलेला संदेश हाच परिणाम असतो. गेटवेकडून उत्तर आले नाही, तर ग्राहकाचे पैसे दुसऱ्यांदा कापायचे नाहीत, हे खऱ्या गेटवेवर हवे तेव्हा घडवून तपासता येत नाही. तिथे मॉकच हवा.

शेवटचा आक्षेप उरतो: ‘इंजेक्शनमुळे कन्स्ट्रक्टरमध्ये आठ-आठ गोष्टी येतात, कोड कुरूप दिसतो.’ त्या आठ गोष्टी आधीही होत्याच. मेथडच्या पोटात लपल्या होत्या. इंजेक्शनने त्या पहिल्या ओळीवर आणल्या. अशा वेळी तो क्लास फोडून त्याची कामे वाटून द्यावीत. यादी पुन्हा पोटात ढकलली तर क्लास तेवढाच गुंतागुंतीचा राहतो, आणि पुढचा प्रोग्रामर आंधळेपणाने त्यात हात घालतो.