खतावणी कोणाच्या ताब्यात?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अमरावतीहून अकोल्यास जाण्याचा योग आला. माझा एक जुना विद्यार्थी तेथे डाळीची छोटी गिरणी चालवितो. गादीवर कोरी वही मांडून तिला हळदकुंकू वाहिले होते आणि शेजारच्या लॅपटॉपलाही एक झेंडूचे फूल लाभले होते. पूजा आटोपल्यावर मी सहज विचारले, या वहीत आता काय लिहितोस? तो हसला. रोजमेळ, खतावणी, शेतकऱ्यांचे देणे, दुकानदारांकडचे येणे, सारे 'क्लाउड'वर असते. वही पूजेपुरतीच उरली आहे, असे त्याने सांगितले. मग जरा थांबून आमच्या वऱ्हाडीत म्हणाला, "सर, वही माही, अन् कुलूप त्यायचं!"

हे विनोदाने काढलेले उद्गार नव्हते. वार्षिक शुल्क भरण्यास एकदा आठवडाभर उशीर झाला, तेव्हा त्याला स्वतःच्याच हिशेबात नवी नोंद करता येईना. दुसरीकडे जावे म्हणून त्याने पाच वर्षांचा हिशेब मागितला, तर हाती छापील पानांसारख्या प्रती आल्या; दुसऱ्या प्रणालीत जशाच्या तशा भरता येतील अशा नोंदी मिळाल्या नाहीत. अखेर वाढीव शुल्क भरून तो तेथेच राहिला. अर्थशास्त्राच्या वर्गात ज्याला आम्ही मक्तेदाराचा खंड म्हणत होतो, तो एका गिरणीवाल्याच्या गादीपर्यंत येऊन पोचला आहे.

क्लाउड या नावाने उगाच गूढ निर्माण होते. वऱ्हाडात मेघ म्हटला की जूनमध्ये ज्याची वाट पाहावयाची तो. हा मेघ मात्र जमिनीवरच असतो. प्रचंड इमारतीत ओळीने मांडलेले संगणक, त्यांना अखंड वीज, थंड हवा, आणि त्यांतील जागा व शक्ती दूरवरच्या ग्राहकाला भाड्याने देण्याची व्यवस्था, एवढाच त्याचा अर्थ. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे, तर अॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी केंद्रे सुरू केली.

या व्यवस्थेचे लाभ खरे आहेत आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. स्वतःचा सर्व्हर, त्याची बॅटरी, दुरुस्तीचा माणूस यांसाठी एकरकमी भांडवल गुंतविणे लहान व्यावसायिकास झेपत नाही. महिन्याचे भाडे झेपते. हजारो ग्राहकांत खर्च विभागला गेल्याने दर उतरतो. जुलै २०२१ मध्ये मोर्णेला पूर आला. असे पाणी ज्या दुकानात शिरते तेथे कागदही भिजतो आणि टेबलाखालचा संगणकही. दूर ठेवलेला हिशेब तेवढा वाचतो. शिवाय शासनाने पर्यायही फारसा ठेवलेला नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरील उलाढालीस लागू झालेली ई-इन्व्हॉइसची सक्ती १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरील उलाढालीपर्यंत खाली आली. तेव्हा क्लाउड घ्यावा की घेऊ नये हा वाद आता फारसा उरलेला नाही. कोणत्या अटींवर घ्यावा, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न वऱ्हाडला नवा नाही. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ नंतर आमच्या कापसाला जगाची मागणी आली. १८७० साली खामगावच्या बाजाराला रेल्वेची शाखा मिळाली आणि तारायंत्राने लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजारात येऊ लागला. तार हे उत्तमच साधन होते. पण तिचे टोक व्यापाऱ्याच्या पेढीत होते आणि शेतकऱ्याचे पीक कर्जापायी आधीच बांधले गेलेले होते. भाव कळूनही ज्याला थांबता येत नाही, त्याला त्या ज्ञानाचा उपयोग कोणता? पलीकडे दख्खनमध्ये १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, तेव्हा त्यांनी मुख्यतः खतपत्रे हिसकावून जाळली. कागद कोणाच्या पेटीत आहे यावर माणसाची पत आणि स्वातंत्र्य ठरते, हे त्या निरक्षर माणसांना नेमके कळले होते.

आज धोके तीन आहेत. पहिला माझ्या विद्यार्थ्याने अनुभवला: कूळ होऊन राहण्याचा. दुसरा मधल्या वाटेचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल झाली, तेव्हा प्रशासनाने इंटरनेट बंद केले. अफवा रोखण्याची गरज कोण नाकारील? परंतु ज्याचा हिशेब, बिल आणि वसुली तारेच्या पलीकडे आहे, त्याचे दुकान शटर उघडे असूनही अशा दिवसांत बंदच असते. इंटरनेटद्वारे व्यापार करण्याच्या स्वातंत्र्याला घटनेच्या १९व्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे आणि बंदी तात्पुरती व प्रमाणशीर असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सांगितले आहे. बंदीचा आदेश काढताना लहान व्यापाऱ्याच्या नुकसानीचा विचार त्या प्रमाणात धरला गेला पाहिजे.

तिसरा धोका दूरच्या निर्णयांचा आणि एकाच ठिकाणी सारे एकवटण्याचा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांमुळे मायक्रोसॉफ्टने गुजरातमधील वाडीनारच्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा थांबविल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. नायराला वकील उभे करता आले. डाळगिरणीवाल्याने कोणाचे दार ठोठवावे? मालकी देशी असली म्हणजे भागले, असेही नाही. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाल्याने तिच्यावर विसंबलेल्या सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार देयक-व्यवस्थेपासून तोडावे लागले. ही कंपनी स्टेट बँक आणि टाटा यांचीच होती.

मग करावे काय? व्यावसायिकाने प्रथम करार वाचावा. सोडून जाताना सर्व नोंदी दुसऱ्या प्रणालीत भरता येतील अशा स्वरूपात मिळतील काय, शुल्क थकल्यास किती दिवस मुदत आहे, हे पहिले पैसे देण्यापूर्वी विचारावे. आठवड्यातून एकदा पूर्ण प्रत स्वतःच्या डिस्कवर उतरवावी आणि ती उघडते की नाही हेही पाहावे; न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे. बंदीच्या दिवसांसाठी बिलबुक व रोजमेळ कपाटात असावा.

पण एकेकट्याच्या सावधगिरीने विषम सौदा सम होत नाही. एकटा गिरणीवाला कंपनीला अटी घालू शकत नाही. अकोला-अमरावतीच्या गिरणीवाल्यांनी, कापड व्यापाऱ्यांनी, कृषी सेवा केंद्रांनी आपापल्या संघांमार्फत एकत्र करार केला, तर घालू शकतील. केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गावोगावच्या सेवा सहकारी सोसायट्यांना त्यातून समान क्लाउड-प्रणाली मिळावयाची आहे. शेतकऱ्यांच्या पतसंस्थांसाठी जे सामुदायिक रीतीने होऊ शकते, ते लहान उद्योगांसाठी का होऊ नये?

कायद्यानेही हातभार लावला पाहिजे. कंपन्यांनी हिशेबाची प्रत दररोज भारतातील सर्व्हरवर ठेवावी, असा नियम २०२२ साली झाला. त्याचे संरक्षण एकल मालकीच्या दुकानाला नाही. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून ग्राहकास एक क्लाउड सोडून दुसरीकडे जाऊ देण्याचे बंधन त्याने कंपन्यांवर घातले आहे. आपल्याकडेही नोंदींवर ग्राहकाची मालकी, सोडण्याचा हक्क आणि शुल्क थकले तरी नोंदी पाहण्याची व उचलून नेण्याची वाजवी मुदत, या तीन गोष्टी कायद्यात यावयास हव्यात.

माझ्या विद्यार्थ्याने आता दर शनिवारी प्रत काढण्यास प्रारंभ केला आहे आणि शेजारच्या चार गिरणीवाल्यांशी तो बोलतो आहे. एकट्याने भरलेले शुल्क म्हणजे खंड; पाचजणांनी मिळून घातलेली अट म्हणजे सौद्याची सुरुवात. हे पाचाचे पन्नास होतील तेव्हा कुलपाची एक किल्ली त्यांच्याकडेही येईल.