लहान तेवढं महाग!

लहान वस्तू स्वस्त असते, हा समज मध्यमवर्गीय माणसाच्या डोक्यातून ब्रह्मदेवालाही काढता येणार नाही. एसटीत पोराला अर्धं तिकीट, हॉटेलात कटिंग चहाला कमी पैसे. मग चिमुकला कॉम्प्युटरही कमी पैशांत यावा, असं आपण धरून चालतो. या एका गैरसमजावर सध्या एक अख्खा बाजार पोसला जातोय, आणि त्याविरुद्ध कोणीतरी बोललंच पाहिजे.

आमच्या चिरंजीवांना गेम खेळायला असेंबल केलेला कॉम्प्युटर हवा आहे. बजेट साठ हजार. आकार? तर, "बाबा, एकदम छोटुकला!" आता काटकसर आणि गोंडसपणा ही दोन खाती एका लेजरात टॅली होत नाहीत, हे कळायला बी.कॉम.च व्हायला पाहिजे असं नाही. तरी हिशेब मांडतो.

हौशी मंडळींचा लाडका मदरबोर्ड म्हणजे मिनी-आयटीएक्स. १७ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद; आमच्या घरच्या पोळीहून लहान! २००१ साली तो निघाला तो कमी वीज खाणाऱ्या छोट्या यंत्रांसाठी. त्यावर रॅमच्या खाचा बहुधा दोन आणि कार्डाची खाच एक. म्हणजे माल कमी. पण किंमत सहसा मोठ्या भावाहून, म्हणजे २४.४ सेंटिमीटरच्या मायक्रो-एटीएक्सहून, जास्तच. पुढे इवल्याशा कॅबिनेटात नेहमीचा एसएमपीएस पुष्कळदा मावत नाही. मग छोटा घ्या, तेवढ्याच वॉटला जादा पैसे मोजा. ग्राफिक्स कार्ड आखूड बघा, पंखा बुटका बघा. छोटा ब्लॉक घेतला की कपाटसुद्धा सुताराकडून मापाने करून घ्यावं लागतं, त्यातलाच हा प्रकार.

हे जादा पैसे येणार कुठून? ग्राफिक्स कार्डाच्या वाट्यातून! आणि गेममधलं चित्र काढणार कोण, तर तेच कार्ड. कॅबिनेट एक रेघसुद्धा ओढत नाही.

दुकानदार मात्र काचेचं कॅबिनेट पुढे करतो. आत इतके रंगीत दिवे, की आमच्या सोसायटीच्या गणपतीचं मखर लाजावं. "साहेब, आजकालच्या मुलांना हेच लागतं." बरं, मग बचत कुठे करू? "एसएमपीएस साधा घ्या ना, तो कुठे दिसतो?" अहो, भिंतीतली वीज आणि आपले साठ हजार यांच्यामध्ये उभा असतो तो एवढा एकच गृहस्थ! जे दिसत नाही तिथे काटछाट करा, असं सांगणाऱ्याला माझ्या हातात असतं तर मी कर्ज मंजूर केलं नसतं. आणि '८० प्लस'च्या शिक्क्यालाही भुलू नका. वीज किती कमी वाया जाते एवढंच तो सांगतो. माल टिकेल याची हमी देत नाही. वॉरंटीचा कागद वाचा.

"पण ब्लॉकमध्ये जागा कुठंय?" हा मुद्दा मात्र मला मान्य आहे. आमच्याकडे अर्धं टेबल शिवणयंत्राच्या मालकीचं आहे. तरी या छोटेपणाने वाचणारी जागा लोणच्याच्या बरणीएवढी. आणि त्या कोंदट डब्यात मे महिन्यात हवा खेळणार कशी? चिप फार तापली की आपला वेग आपोआप कमी करते. उकाडा वाढला की काम मंद करायचं, हे ती कुठल्या कचेरीत शिकली ते मी सांगणार नाही. मला अजून नोकरी करायची आहे.

तेव्हा बोर्ड मायक्रो-एटीएक्स, आणि त्याच्याच मापाचं, पुढे जाळी असलेलं साधं कॅबिनेट. रॅम १६ जीबी, पण ८-८ची जोडी. एकटीपेक्षा जोडीने काम वेगाने होतं, हे संसाराइतकंच रॅमलाही लागू आहे. एसएमपीएस भरवशाचा. उरलेला मोठा वाटा कार्डाला. तो आज पुरत नसेल, तर पोटातच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या. २०२१ साली आलेला सहा कोअरचा रायझन ५ ५६००जी त्याच जातीचा. त्यावर जुने, हलके गेम खेळत राहा; कार्ड पुढच्या बोनसला. खाच कुठे पळून जात नाही.

राहता राहिले रंगीत दिवे. त्यांची माळ आमच्या माळ्यावर आहे. दिवाळी सोडून वर्षभर ती कॅबिनेटला गुंडाळून द्यायला मी तयार आहे, स्वखर्चाने!