तुम्हाला वाटतं तसं तुम्ही पोहत नाही!

दोन वर्षं नियमित टँकवर जाताय. पोहता तर येतंच. तरी पन्नास मीटरला धाप लागते आणि शेजारच्या लेनमधले पोट सुटलेले काका मात्र न थांबता आरामात पुढे निघून जातात. यावर आपल्याकडचा ठरलेला सल्ला म्हणजे ‘स्टॅमिना वाढव’. मग तुम्ही आणखी लॅप मारता. मी म्हणेन, लॅप राहू द्या. आधी स्वतःला पोहताना बघा.

कारण पाण्यात आपण काय करतोय, हे आपल्याला कळतच नाही. हात सरळ खांद्यापुढे पडतोय, हे तुम्ही शपथेवर सांगाल. व्हिडिओत तोच हात डोक्यापुढून पलीकडच्या बाजूला गेलेला दिसतो आणि कंबर सापासारखी वळवळत असते. ही सवय पुढे खांद्याला महागात पडते. श्वास घेताना मान जराशीच वळते असं वाटतं. प्रत्यक्षात अख्खं डोकं बाहेर येतं. डोकं वर आलं की पाय खाली जाणारच. पाणी हवेपेक्षा जवळपास ८०० पट घन आहे. त्यातून तिरकं अंग ओढत न्यायचं, तर धाप लागणार नाही तर काय होणार? (पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेल्यांची मान तर हमखास वर. विहिरीत ते ठीकच, वरून कोण मुटका मारतंय ते बघावं लागतं!)

हे काही मोबाइलबरोबर आलेलं फॅड नाही. अमेरिकन कोच जेम्स काउन्सिलमन कित्येक दशकांपूर्वी पाण्याखालून चित्रीकरण करून पोहणाऱ्यांचे हात तपासायचे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ७ सुवर्णपदकं जिंकणारा मार्क स्पिट्झ त्यांच्याच विद्यापीठ संघातला. आज स्लो मोशन आपल्या खिशात आहे.

पण नुसता व्हिडिओ काढून भागत नाही. रील्स बघून स्वतःच तपासायला बसलात की एकदम सात चुका दिसतात. सातही सुधारायला जाता आणि होता तो तालही बिघडतो. इथे कोच लागतो. पाय बुडतायत म्हणून चांगला कोच लगेच ‘किक वाढव’ म्हणत नाही. तोंड पाण्यात असताना श्वास सोडताय का, ते आधी बघतो. मग काही दिवस तेवढंच. कोपराचं नंतर. एक व्हिडिओ बाजूने, एक समोरून आणि एक दमल्यावर घ्या. सगळं पितळ त्या तिसऱ्यात उघडं पडतं.

अडचण एकच. बऱ्याच तलावांवर मोबाइलला बंदी असते, आणि ती योग्यच आहे. शेजारच्या लेनमधल्या मुलीने तुमच्या व्हिडिओत का यावं? म्हणून हे काम तलावानेच करावं: महिन्यातून एक सकाळ, एक रिकामी लेन, कॅमेरा कोचच्या हातात आणि व्हिडिओ ज्याचा त्यालाच. उन्हाळी बॅचला ढीगभर पोरं एका कोचच्या गळ्यात मारायची आणि त्याने काठावरून ‘पाय मार, पाय मार’ ओरडायचं, याची फी आपण मुकाट भरतोच की. मालवणच्या चिवला बीचवरच्या किंवा संक रॉक ते गेटवेच्या स्पर्धेत उतरायचं म्हणून कितीतरी पोरं महिनोन्‌महिने चुकीचाच स्ट्रोक घोटत असतात. समुद्रात दम लागला तर धरायला भिंत नसते.

तेव्हा तलावाच्या ऑफिसात अर्ज द्या. एकट्याने नको, बॅचमधल्या पाच-दहा जणांच्या सह्या घेऊन.