मशीनवाल्या मावशी

नांदगाव खंडेश्वरच्या मशीनवाल्या मावशी गेल्या. गावातल्या दोन पिढ्यांनी त्यांच्या हातचे कपडे घातले. त्यांच्यावर कुठे चार ओळी छापून येण्याची शक्यता नव्हती, म्हणून आजचं सदर त्यांचं. नाव लिहीत नाही. गावानं त्यांना कधी नावानं हाक मारलीच नाही, आणि आपलं नाव पेपरात आलेलं त्यांना रुचलंही नसतं.

अमरावतीहून बडनेऱ्यावरून यवतमाळकडे निघालं की वाटेत आमचं तालुक्याचं गाव लागतं. बाहेरचे लोक येतात ते खंडेश्वराचं काळ्या दगडातलं जुनं देऊळ बघायला. पंजाबराव देशमुखांचं पापळ याच तालुक्यातलं, हेही आम्ही पाहुण्यांना आवर्जून सांगतो. मावशींच्या ओसरीवर मात्र कुणी पाहुण्याला नेलं नाही. ती आमच्या रोजच्या जाण्यायेण्यातली जागा होती. पायमशीन, शेजारी खडूचे तुकडे, खिळ्याला टांगलेली टेप आणि खाली चिंध्यांचं गाठोडं.

त्यांचा धंदा कापसावर चालायचा, तोही दोन्ही अंगांनी. कापूस विकला की घरात कपडा यायचा, आणि चुकारा हाती पडला की शिलाई मिळायची. १९७२ मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. त्या खरेदीचे चुकारे ज्या वर्षी लांबले, त्या वर्षी मावशींची उधारीही लांबली. दिवाळीला शिवलेल्या फ्रॉकचे पैसे संक्रांतीनंतर आले तरी त्यांनी कुणाच्या दारात जाऊन तगादा लावल्याचं मी ऐकलेलं नाही. पोरीचा झगा शिवताना खाली भरपूर माया ठेवायच्या. "पुढच्या साली उसवजो, अजून एक साल निंगते," असं आईला बजावून सांगायच्या. वाढत्या पोरीच्या गरीब आईला याहून मोठा आधार कोणता देणार?

आणि बाहुल्या. त्या मावशींनी कधी विकल्या नाहीत.

फ्रॉक शिवून झाला की उरलेल्या कापडातून त्याच पोरीसाठी बाहुली व्हायची. त्यामुळे बाहुलीचा झगा आणि पोरीचा झगा एकाच छापाचा. गावात कुठलीही बाहुली कुठेही सापडली तरी ती कुणाची, हे बघताक्षणी कळायचं. अंग मांजरपाटाचं. दोन तुकडे उलटे जोडून शिवायचे, एका बाजूला बोटभर फट ठेवायची आणि पऱ्हाटीच्या काडीनं हातपाय सुलटे करायचे. आत घरची रुई भरायची. रुईतली सरकी त्या एकेक करून वेचायच्या. एखादी राहिली तरी उंदीर बाहुली कुरतडतो, आणि सकाळी पोर रडत ओसरीवर येते. बुडाशी चिंध्या ठासून भरायच्या म्हणजे बाहुली नीट बसते. खांद्याला आणि मांडीला आडवी टीप मारायची म्हणजे हातपाय वाकतात.

सगळ्यात अवघड काम मानेचं. मान सैल भरली की चार दिवसांत डोकं छातीवर लोंबतं. मावशी आधी चिंधीची घट्ट वळी करायच्या, ती अर्धी डोक्यात, अर्धी धडात बसवायच्या आणि मग तिच्याभोवती रुई दाबत जायच्या. हे हातानंच कळतं, सांगून येत नाही. त्यांच्याजवळ दुपारी शिवण शिकायला बसणाऱ्या पोरींना त्या पहिली मान दहादा उसवायला लावायच्या. आवाज न चढवता.

डोळे शेवटी. काळ्या दोऱ्यानं भरलेले, भुवया बारीक, केसांना काळी लोकर. एकदा मला घाई झाली होती आणि बिनडोळ्यांचीच बाहुली मी उचलून निघाले, तर हात धरून बसवलं. "तिले डोये तं देऊ दे वं माय. आंधयी कावून नेतं?" खेळण्यातल्या जिवालाही अर्धवट पाठवायचं नाही, हा त्यांचा नियम होता, आणि मोठ्यांच्या कपड्यांनाही तोच लागू होता. काज न केलेला सदरा त्यांच्या ओसरीवरून कधी गेला नाही.

वऱ्हाडात बाईच्या हातच्या या कलेला देवघरातही जागा आहे. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा मुखवट्यांखालची कापडी धडं, हात, बाळांचे झगे हे सगळं कुणीतरी शिवलेलं असतं. गावातल्या कितीतरी महालक्ष्म्यांचं अंग मावशींनी शिवलेलं. तेवढं काम करताना पायात चप्पल नसायची आणि बोलणं बंद असायचं. त्यापाठोपाठ भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईचा महिना. भुलाबाई-भुलोजी मातीचे, कुंभाराकडचे. पण त्यांच्यापुढे गाणी म्हणायला येणाऱ्या प्रत्येक पोरीच्या काखेत मावशींची बाहुली. खिरापत ओळखायच्या वेळी बाहुल्याही रांगेत बसवल्या जात. माझ्या आठवणीतला सगळ्यात श्रीमंत महिना तोच.

दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी उभारलेलं बाहुल्यांचं संग्रहालय आहे, १९६५ सालचं. तिथं देशोदेशीच्या बाहुल्या काचेच्या कपाटांत जपल्या आहेत आणि ते फार मोलाचं काम आहे. मावशींच्या बाहुल्या काचेआड गेल्या नाहीत. त्या अंथरुणात झोपल्या, पावसात भिजल्या, धाकट्या बहिणीकडे गेल्या आणि विरून संपल्या. वापरून संपणाऱ्या वस्तूची कुणी नोंद ठेवत नाही. म्हणून अशा बायकांचीही राहत नाही.

नोंदीवरून आठवलं. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, आणि पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणंही आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, पुढे कमी व्याजाचं कर्ज. ही यादी वाचली तेव्हा मला खरा आनंद झाला. कागदोपत्री का होईना, बाहुली करणं हे काम मानलं गेलं. मात्र एका माणसाला एकाच व्यवसायाची नोंद करता येते. मावशींना कुणी विचारलं असतं तर त्यांनी शिंपीकाम लिहिलं असतं, कारण पैसे त्याचेच मिळायचे. बाहुल्या तिथंही सुटल्या असत्या.

जिल्ह्यातल्या दुसऱ्या नांदगावात, नांदगाव पेठेला, १,००० एकरांवर वस्त्रोद्योगाचा पार्क उभा राहतोय. तो व्हायलाच हवा. कापूस आमचा आणि कापड दुसऱ्यांचं, हे दुखणं वऱ्हाडानं पिढ्यान्‌पिढ्या सोसलं आहे. पण त्या पार्काचं नियोजन करताना गावोगावच्या ओसरीवरच्या मशिनी कुणी मोजल्या का, असा माझा प्रश्न आहे. बेतायला, कापायला, शिवायला येणारं हे मनुष्यबळ तालुक्यात आधीपासून बसलेलं आहे. त्याला कारखान्याच्या रांगेतली एक टीप मारणारा हात करून टाकलं तर आपण मोठं नुकसान करू. मावशींना अख्खा माणूस डोळ्यांसमोर धरून कापड बेतता यायचं.

अलीकडे तयार कपडे आले, शेतात पऱ्हाटीच्या जागी सोयाबीन आलं, आणि ओसरीवर फॉल-पिको आणि चेन बदलण्याचीच कामं उरली. नजर अधू झाली तरी गाठोडं त्यांनी टाकलं नाही. नातींच्या मैत्रिणी येत, त्यांना कापड निवडू देत. सुईत दोरा ओवायला पोरी, मान भरायला मावशी, अशी वाटणी झाली होती.

त्यांच्याकडे शिकलेल्या बायका गावात आहेत. सासरी गेलेल्या कुणी नेरला, कुणी चांदूरला, कुणी अमरावतीत. मान भरणं त्यांच्या हातात आहे, पण विचारलं तर "आम्हाले काय येते?" म्हणतील. त्यांचं ऐकू नका. यंदा भुलाबाई बसायच्या आधी आपल्या पोरींना त्यांच्याकडे पाठवा. सोबत सुई, काळा दोरा आणि घरच्या चिंध्या द्या. आणि ज्यांच्या ट्रंकेत मावशींची बाहुली अजून शाबूत असेल, त्यांनी तिला ऊन दाखवावं, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवावं आणि झग्याच्या आत कापडाच्या पट्टीवर लिहून ठेवावं, कुणी केली आणि कुणासाठी.