शब्दकोडें : व्यसन कीं व्यासंग ?

गेल्या पालकसभेच्या दिवशीं, सभा संपल्यावर, एक सद्गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या हातांत त्या दिवसाचें वर्तमानपत्र होतें. आंतील पान उलगडून तें त्यांनीं माझ्यापुढें धरलें व म्हणाले, "सर, हें पाहा. चिरंजीव दहावींत आहेत, आणि रोज सकाळीं अर्धा अर्धा तास या चौकटींत अडकून पडतात. आपण त्यांना एकदां बजावून सांगा." चौकटींत पेन्सिलीनें लिहिलेलीं अक्षरें होतीं, कांहीं खोडलेलीं, आणि कांहीं घरें अजून कोरींच होतीं. मुलाला बजावण्याचें वचन मीं दिलें नाहीं. माझें म्हणणें लेखी सांगेन, एवढेंच म्हणालों. तें वचन येथें पुरें करीत आहें. हा प्रश्न एकाच घरचा नसल्यामुळें उत्तरहि सर्वांपुढें ठेवणें बरें.

आरंभींच एक गोष्ट कबूल करतों. शब्दकोड्याविषयीं पालकांना वाटणारा संशय निराधार नाहीं. माझ्या वडिलांच्या घरांत हा शब्द उच्चारण्याचीसुद्धां सोय नव्हती, आणि त्याला कारण माझे आजोबा. ते एका खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते. माणूस काटकसरी आणि निर्व्यसनी. परंतु त्या काळीं बक्षिसांच्या शब्दकोड्यांची जणूं सांथच पसरली होती. प्रवेशपत्रिका भरावयाची, प्रत्येकीमागें शुल्क मनिऑर्डरीनें पाठवावयाचें, आणि पहिल्या बक्षिसाची वाट पाहात बसावयाचें. आजोबांनीं दोन वर्षें वाट पाहिली. पगारांतून आधीं शुल्क जाई, मग वाण्याचें देणें. शेवटीं आजीच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या, त्या परत आल्या नाहींत. माझे वडील तेव्हां सात वर्षांचे होते. मनिऑर्डरीच्या पावत्यांचा गठ्ठा त्यांनीं जन्मभर जपून ठेवला. वर्षांतून एकदां तो आम्हां भावंडांना दाखवीत, आणि कांहीं न बोलतां पुन्हा पेटींत ठेवीत.

मोठेपणीं त्या पावत्यांबरोबर ठेवलेलीं जुनीं कोडीं मीं वाचून पाहिलीं, तेव्हां त्यांतील मेख ध्यानांत आली. नमुन्यादाखल तशी एक सूचना मीच रचून दाखवितों : 'यावरून माणसाची पारख होते.' घरें दोन, आणि दुसऱ्या घरांत 'न' हें अक्षर छापलेलें. आतां उत्तर 'मन' समजावें कीं 'धन' ? दोन्ही शोभतात. पहिल्या घरांतून दुसरा कोणताहि शब्द उभा जात नाहीं, त्यामुळें निवाड्याला साधन नाहीं. निवाडा चालकांच्या मोहोरबंद पाकिटांत! म्हणून सावध मनुष्य दोन पत्रिका पाठवी, एक 'मन' लिहून आणि एक 'धन' लिहून. अशा दहा सूचना असल्या, तर सर्व बाजू राखण्यास १०२४ पत्रिका लागतील. हा हिशेब गणिताच्या विद्यार्थ्यांनीं करून पाहावा. तेथें विद्वान् आणि अडाणी यांची योग्यता सारखीच. ही परीक्षा ज्ञानाची नव्हे, नशिबाची.

कायद्यानेंहि हें पुढें ओळखलें. १९४८ सालीं मुंबई सरकारनें सोडती व बक्षीसस्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. १९५५ सालीं संसदेनें कायदा करून अशा स्पर्धेंत महिन्याच्या बक्षिसांची रक्कम १००० रुपयांवर व प्रवेशपत्रिकांची संख्या २००० वर जाऊं नये, असें ठरविलें. १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, जेथें यश बऱ्याच अंशीं कौशल्यावर अवलंबून नाहीं अशी स्पर्धा हा जुगार होय, आणि जुगाराला व्यापारस्वातंत्र्याचें संरक्षण मागतां येत नाहीं. आमच्या आजीच्या पाटल्यांना मात्र या शहाणपणाचा उपयोग झाला नाहीं.

परंतु त्या सद्गृहस्थांच्या चिरंजीवांपुढें असलेलें कोडें हें नव्हे. रोजच्या कोड्याला शुल्क नाहीं, आणि तें सुटलें तर सोडविणाऱ्याच्या पदरीं समाधानापलीकडे कांहीं पडत नाहीं. त्याचें कूळहि वेगळें आहे. लिव्हरपूल येथें जन्मलेल्या आर्थर विन् नांवाच्या गृहस्थानें २१ डिसेंबर १९१३ रोजीं न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' पत्राच्या रविवारच्या पुरवणींत असें पहिलें कोडें छापलें. त्याचा आकार चौरस नसून पतंगासारखा होता. १९२४ सालीं कोड्यांचें पहिलें पुस्तक निघालें, तेव्हां प्रत्येक प्रतीबरोबर एक पेन्सिल जोडलेली होती. लंडनच्या 'टाइम्स'सारख्या गंभीर पत्रानेंहि १९३० च्या फेब्रुवारींत या खेळाला रोजची जागा दिली.

मराठींत आल्यावर या खेळाला आपल्या लिपीचें वळण लागलें. इंग्रजींत एका घरांत एक वर्ण बसतो. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर यांसह एक अक्षर बसतें. 'महाराष्ट्र' हा शब्द रोमन लिपींत अकरा घरें अडवितो, देवनागरींत चारच. घरें थोडीं, म्हणून प्रत्येक घराची जबाबदारी मोठी. समजा, आडव्या शब्दाची सूचना 'सूर्य' अशी आहे आणि घरें तीन आहेत. 'आदित्य' बसतो, 'भास्कर' बसतो, 'सविता'हि बसतो. येथें आजोबांच्या कोड्याप्रमाणें पाकीट फुटण्याची वाट पाहावी लागत नाहीं. मधल्या घरांतून एक उभा शब्द खालीं जातो. त्याची सूचना 'गांवांतील पाणी भरण्याची जागा', तीन घरें. 'विहीर' ! म्हणजे आडवा शब्द 'सविता' ठरला. ज्याच्या वहींत मात्र 'वीहिर' असेल, त्याला 'सविता' भेटावयाची नाहीं. वर्षभर माझ्या लाल शाईनें जें ऱ्हस्वदीर्घ सुधारत नाहीं, तें हें एक घर सुधारून दाखवितें, आणि तेंहि मुलाला न दुखवितां.

माझ्या मतें या खेळाचा खरा लाभ याहून खोल आहे. कोडीं सोडविल्यानें बुद्धि वाढते किंवा परीक्षेंत गुण अधिक पडतात, असें मी म्हणत नाहीं. कोडीं सोडविणारा कोडीं सोडविण्यांत तरबेज होतो, एवढें खरें. परंतु चांगलें कोडें एक दुर्मिळ सवय लावतें : जें ठाऊक नाहीं, तें घर कोरें ठेवण्याची. दरवर्षीं उत्तरपत्रिका तपासतांना मी पाहतों कीं, आमचीं मुलें कोऱ्या जागेला फार भितात. ठाऊक असो वा नसो, कांहीं तरी लिहून जागा भरली पाहिजे, ही शिकवण त्यांना कोणी दिली ? आम्हींच दिली. कोड्यांत मात्र एक खोटें अक्षर लिहिलें, कीं त्याला छेदणारा खरा शब्दहि बिघडतो. म्हणून मुलगा थांबतो, दुसरीकडून वाट शोधतो, आणि आपली चूक आपणच खोडतो. तेथें त्याच्यावर पहारा नसतो, गुण देणारा नसतो. पहाऱ्यावांचून जो प्रामाणिक राहतो, त्याच्याविषयीं मला फारशी काळजी वाटत नाहीं. माझे आजोबा अप्रामाणिक नव्हते. परंतु कोरें घर सोसण्याचें धैर्य त्यांना त्या खेळानें शिकविलें नाहीं. त्यानें त्यांना घर भरून पैसे पाठवावयास तेवढें शिकविलें.

दुसरा लाभ घरच्या माणसांना होतो. त्या सद्गृहस्थांच्या हातांतील चौकटींत एक सूचना अशी होती : 'जात्याचा दांडा'. तेथील दोन्ही घरें कोरीं होतीं. पुढील आठवड्यांत मीं मुलाला विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "आजीनें सांगितलें, सर. खुंटा." मग आजीनें जातें कसें टांकवून घेत आणि पहांटे किती पायल्या दळीत, तेंहि सांगितलें म्हणे. तें कोडें आलें नसतें, तर हा प्रश्न त्यानें आजीला कधीं विचारला असता ?

तरीहि पालकांचें म्हणणें मी झिडकारीत नाहीं. विद्यार्थ्यांनीं पुढील नियम पाळावे. कोड्याला वेळ वीस मिनिटांचा, आणि तोहि अभ्यास व घरचें काम आटोपल्यावर. अडलें तर प्रथम घरांतील वडील माणसांना विचारावें, मग कोश उघडावा. मोल्सवर्थचा किंवा दाते-कर्वे यांचा शब्दकोश आतां दुर्मिळ राहिलेला नाहीं. मोबाइलला विचारून घर भरणें म्हणजे दुसऱ्याच्या पाटीवरून उतरून घेणें होय. आणि ज्या कोड्यासाठीं पैसे मागतात, मग ते कागदावर मागोत कीं मोबाइलच्या पडद्यावर, तें कोडें नसून आमच्या आजोबांची जुनी प्रवेशपत्रिकाच आहे, असें समजून पान उलटावें.

शेवटीं एका हेडमास्तरांची हकीकत. १९४४ च्या मे महिन्यांत व जूनच्या आरंभीं, दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरण्यापूर्वीं, लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'च्या कोड्यांत युटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी व नेपच्यून हे शब्द उत्तरादाखल आले. हे सर्व त्या मोहिमेचे गुप्त संकेतशब्द होते ! कोडीं रचणारे लेनर्ड डॉ हे एका शाळेचे मुख्याध्यापक. गुप्तहेर त्यांच्याकडे चौकशीस आले; परंतु लबाडी कांहीं निघाली नाहीं. पुढें १९८४ सालीं त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें सांगितलें कीं, हेडमास्तर कोऱ्या चौकटी मुलांना देऊन त्यांत शब्द बसवून घेत, आणि मुलांनीं ते शब्द जवळच्या छावणींतील सैनिकांच्या तोंडून ऐकले होते.

हेरांची भीति आम्हांला नाहीं. म्हणून त्या हेडमास्तरांची रीत आम्हीं उचलावी, असें मला वाटतें. कोडें सोडविण्याहून रचणें कठीण, आणि शिकण्यासारखेंहि त्यांतच अधिक. येत्या सत्रांत नववीच्या वर्गाला मी कोरी चौकट देणार आहें. त्यांनीं रचलेलें कोडें शाळेच्या भित्तिपत्रकावर लागेल. त्या सद्गृहस्थांना माझी आग्रहाची विनंति आहे कीं, पुढील पालकसभेला येतांना त्यांनीं वर्तमानपत्राऐवजीं खिशांत एक पेन्सिल आणावी.